'ड्रग रेझिस्टन्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

एचआयव्हीबाधित मुलांच्या पालकांसाठी एक पुस्तिका तपासते आहे. त्यात वाक्य आहे : 'मुलामध्ये औषधप्रतिकार निर्माण होऊ शकतो.' एचआयव्हीची औषधं मिळतात त्या एआरटी केंद्रात नातवाच्या गोळ्या न्यायला आलेल्या एका आजींना ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग बरंच की बाई. प्रतिकार वाढावा म्हणूनच तर गोळ्या देतोय." तेव्हापासून ते वाक्य तसंच ठेववत नाही. 'औषधरोध' कसा वाटतो?

उत्तर

आजींचं काही चुकलेलं नाही. 'रोगप्रतिकारक शक्ती' आपल्या इतकी कानावर असते की प्रतिकार म्हटला की तो आपल्याच बाजूचा. संस्कृतात तर प्रतिकार म्हणजे इलाज असाही अर्थ आहे. 'औषधरोध' वैद्यकीय लेखात चालेल, पण आजींना तो पुन्हा समजावून सांगावा लागेल.

मला जास्त खटकतो तो 'मुलामध्ये' हा शब्द. बदलतो विषाणू, मूल नाही. स्वतःच्या नकला काढताना विषाणू चुका करतो आणि त्या दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नसते. डोस चुकत राहिले, किंवा मुलाचं वजन वाढूनही डोस जुनाच राहिला, की रक्तात औषध कमी पडतं आणि नेमकी औषधाला पुरून उरणारी नक्कल फोफावते. लॅमिव्ह्युडिन या एचआयव्हीच्या औषधाच्या बाबतीत तर विषाणूच्या नकला काढणाऱ्या विकरातलं (एन्झाइममधलं) १८४ क्रमांकाचं एक अमिनो आम्ल बदललं तरी पुरतं. 'मुलामध्ये' लिहिलंत तर पालकांना वाटेल, पोराच्या अंगाला गोळीची सवय झाली. चार दिवस बंद ठेवून सवय मोडू. तसं केलं तर विषाणूचंच फावेल.

माझा कौल 'दाद'ला. रोग औषधाला दाद देत नाही, हे आपण घरात बोलतोच. त्यातही 'दाद देईनासा होतो' असं लिहा. आधी देत होता, आता देत नाही, हा काळाचा धागा त्या 'ईनासा'त आहे. 'लागू पडत नाही' मध्ये तो नाही.

एका ठिकाणी मात्र हे रूप चालणार नाही. १९९९ च्या युगांडातल्या अभ्यासानंतर प्रसूतीच्या वेळी एचआयव्हीबाधित आईला आणि जन्मल्यावर बाळाला नेव्हिरापिन या औषधाचा एकेक डोस देण्याची पद्धत अनेक देशांत पसरली. त्यामुळे कितीतरी बाळं लागणीपासून वाचली. पण हे औषध रक्तात बरेच दिवस अपुऱ्या प्रमाणात रेंगाळतं. ज्यांना तरीही लागण झाली, त्यांतल्या अनेकांचा विषाणू उपचार सुरू होण्याआधीच नेव्हिरापिनला जुमानत नव्हता. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी लोपिनाविर या दुसऱ्या औषधावर आधारित उपचार सुचवले, त्यामागे हेही कारण होतं. अशा बाळांबद्दल 'आधीपासूनच दाद देत नाही' असं लिहा.

आणि 'कोडगा', 'निर्ढावलेला' हे शब्द कृपा करून नकोत. ते आपण न ऐकणाऱ्या पोरांना लावतो, आणि ही पुस्तिका उद्या चौदा वर्षांची मुलगी स्वतः वाचणार आहे.

प्रश्नकर्ती

वाक्य असं केलं : 'गोळ्या चुकल्या, किंवा वजन वाढूनही डोस तोच राहिला, तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.' 'व्हायरल लोड' (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) हा शब्द तसाच ठेवते. आजीसुद्धा "लोड किती आला?" असंच विचारतात.