पेलिनबाईंच्या मुलीला यात ओढू नका

"पाच मुलांची आई, त्यात धाकटा चार महिन्यांचा, ही उपाध्यक्षपद कसं सांभाळणार?" २००८ च्या अमेरिकी निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार असलेल्या सारा पेलिन यांच्याबद्दल विचारला गेलेला हा प्रश्न मला फार खटकला. तेव्हा अध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या ओबामांच्या मुलीही १० आणि ७ वर्षांच्याच होत्या. त्यांच्याबाबतीत हा सूर कुठे होता?

माझा सारा पेलिन यांना कडाडून विरोध आहे. बलात्कारातून गर्भ राहिला तरी गर्भपात नको, ही त्यांची भूमिका मला भयंकर वाटते. त्यावरून हवं तेवढं धारेवर धरा. पण त्यांच्या १७ वर्षांच्या गरोदर पोरीला चव्हाट्यावर कशाला आणायचं? खुद्द ओबामांनीही तेव्हा बजावलं होतं, की घरच्यांना यात ओढू नका. आपल्या आईलाही आपण १८ व्या वर्षीच झालो, असंही ते म्हणाले होते.