'गाढवाचं शेपूट' : लोककलेचे शिष्य की नुसती उचल?

निळी शाई (धागाकर्ता)

मार्च १९१२मध्ये मॉस्कोत 'गाढवाचं शेपूट' या नावाचं चित्रप्रदर्शन भरलं. मिखाइल लारिओनोव आणि नतालिया गोंचारोवा हे रशियन चित्रकार त्यातले पुढारी. मालेविच, तातलिन, शेवचेन्को बरोबर होते, शगालचंही चित्र होतं. नावामागची गोष्ट अशी. दोन वर्षं आधी पॅरिसमध्ये काही टवाळांनी गाढवाच्या शेपटीला कुंचला बांधून एक कॅनव्हास रंगवून घेतला आणि 'बोरोनाली' या खोट्या चित्रकाराच्या नावाने प्रदर्शनात लावला. नव्या चित्रकलेची टिंगल करण्यासाठी. लारिओनोवने ती टिंगलच गटाचं नाव म्हणून घेतली.

माझं मत असं, की त्या काळात लोककलेला इतक्या सरळपणे गुरू मानणारा दुसरा गट युरोपात नव्हता. पिकासोने आफ्रिकी मुखवटे पाहिले ते पॅरिसच्या संग्रहालयात, वसाहतींतून उचलून आणलेले. या मंडळींचे गुरू बाजारातच होते. लाकडी ठशावरून छापून हाताने रंगवलेली, फेरीवाल्यांकडून खेड्यापाड्यांत विकली जाणारी 'लुबोक' चित्रं (उंदीर मांजराची प्रेतयात्रा काढतात ते चित्र तर घराघरांत), दुकानांच्या पाट्या, रंगवलेली तबकं, जत्रेतल्या बाहुल्या, देवघरातल्या आयकॉन-प्रतिमा. गोंचारोवाने फेब्रुवारी १९१२मध्ये मॉस्कोच्या एका जाहीर वादसभेत उभं राहून सांगितलं, की क्यूबिझम (वस्तू भौमितिक आकारांत मांडणारी पॅरिसची नवी शैली) चांगला आहे पण नवा नाही. गवताळ माळांवरच्या सिथियन दगडी मूर्ती आणि जत्रेतल्या लाकडी बाहुल्या तेच करत आल्या आहेत. तिचं १९११चं सफरचंदं तोडणाऱ्या शेतकऱ्यांचं चित्र बघा. दगडातून घडवल्यासारखे चेहरे, जड हात. त्या माणसांची कीव नाही आणि कौतुकही नाही. ती फक्त भक्कम उभी आहेत.

आणि १९१३चं 'निशाण' हे प्रदर्शन! त्यात या गटाच्या चित्रांबरोबर मुलांची चित्रं होती आणि तिफ्लिसमधला (आजचं तिबिलिसी, जॉर्जिया) स्वयंशिक्षित पाट्या रंगवणारा निको पिरोस्मानी होता. त्याच सुमारास लारिओनोवने स्वतः जमवलेली लुबोक चित्रं आणि आयकॉनचे नमुने यांचं वेगळं प्रदर्शनही भरवलं. शिष्याने गुरूला आपल्या शेजारी बसवलं, असं मला वाटतं.

खडूफळा

असहमत, आणि जोरात असहमत.

गोंचारोवा जहागीरदार घराण्यातली. पुश्किनची बायको याच घराण्यातली होती. शेतात राबणारी माणसं तिने पाहिली ती बालपणी तूला प्रांतातल्या इस्टेटीवर. हा तिचा दोष नाही, पण 'बाजारातले गुरू' म्हणताना हे अंतर विसरता येत नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लुबोक चित्रं सतराव्या शतकापासून विकली जात होती. मग मॉस्कोच्या चित्रकारांना ती १९०८-१०च्या सुमारासच का दिसली? कारण सर्गेई श्चूकिन या व्यापाऱ्याच्या मॉस्कोतल्या वाड्यात गोगँ आणि मातीस या फ्रेंच चित्रकारांची चित्रं लागली होती आणि तो संग्रह लोकांना पाहता येत असे. गोगँची ताहितीच्या बायकांची ती सपाट, गडद चित्रं पाहिल्यावर मग घरची आयकॉन आठवली. गोंचारोवाने १९१३मध्ये पश्चिमेची धूळ झटकून पूर्वेकडे निघाल्याचं लिहिलं, आणि त्याच लेखात सुरुवातीला आपण फ्रेंच समकालीनांकडून सर्वांत जास्त शिकलो हेही कबूल केलं. तिचा प्रामाणिकपणा मान्य. पण मग लोककला ही गुरू नव्हे. पॅरिसहून आणलेल्या चष्म्यातून पाहिलेला घरचा माल आहे तो.

पायवाट

चष्मा फक्त पॅरिसचा नव्हता. मध्ययुगीन रशियन चित्रकार रुब्लेवच्या 'त्रिमूर्ती' (ख्रिस्ती त्रैक्य) या आयकॉनची पहिली सफाई १९०४-०५मध्ये झाली. तोवर ही चित्रं काळवंडलेल्या वॉर्निशखाली आणि धातूच्या पत्र्याखाली होती. वरचा थर निघाला आणि खालून निळा, हिरवा, सोनेरी रंग बाहेर आला. रशियाला स्वतःचेच रंग नव्याने दिसत होते. १९११च्या शरद ऋतूत मातीस मॉस्कोला आला तेव्हा तो या आयकॉन पाहून भारावून गेला होता. म्हणजे रस्ता दोन्ही बाजूंनी वाहत होता. तुम्ही एकच बाजू सांगताय, खडूफळा.

तेलरंग

तुम्ही दोघं-तिघं लारिओनोव-गोंचारोवाभोवतीच फिरताय, म्हणून 'चौकटचा गुलाम'बद्दल लिहितो. डिसेंबर १९१०मध्ये या नावाचं प्रदर्शन झालं. नाव लारिओनोवनेच सुचवलं. रशियात कैद्यांच्या पाठीवर चौकटच्या एक्क्यासारखं ठिगळ शिवत, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते झोंबायचं. पुढे लारिओनोव फुटला आणि मागे राहिलेल्यांना फ्रेंच चित्रकार सेझानचे गुलाम ठरवू लागला.

मला मात्र मागे राहिलेले जास्त खरे वाटतात. इल्या माश्कोव शेतकरी घरातला. त्याच्या १९१०च्या एका मोठ्या चित्रात तो आणि त्याच गटातला चित्रकार कोंचालोव्स्की जत्रेतल्या पैलवानांसारखे उघडे बसलेत. हातात व्हायोलिन, जमिनीवर लोखंडी वजनं, आणि फळीवर जाडजूड पुस्तकं, त्यात सेझानचंही. दुकानाची पाटी आणि सेझान एकाच भिंतीत! त्याची त्याच वर्षीची निळ्या प्लमची ताटली बघा. फळं गोल मांडलेली, रंग पाटीवरच्यासारखे जाड, आणि तरीही ते उत्तम तैलचित्र आहे. 'पूर्वेकडे चला' अशी घोषणा करावी लागली नाही. फळांच्या वजनातच सगळं आलं.

धागाकर्त्यांच्या 'दुसरा गट नव्हता' या वाक्यालाही हरकत आहे. म्युनिकच्या 'निळा घोडेस्वार' गटाने १९१२च्या आपल्या संग्रहग्रंथात बव्हेरियन काचचित्रं, मुलांची चित्रं आणि चक्क रशियन लुबोकही छापले होते. त्या गटाचा पुढारी, रशियन चित्रकार कान्दिन्स्की तरुणपणी उत्तर रशियातल्या वोलोग्दाच्या खेड्यांत गेला होता आणि तिथली रंगवलेली घरं आतून पाहिल्याचं त्याला आयुष्यभर आठवत राहिलं.

निळी शाई

तेलरंग, मान्य. 'दुसरा गट नव्हता' हे मागे घेते. कान्दिन्स्की विसरायला नको होता.

पण खडूफळा, एक गोष्ट तुमच्या मांडणीत बसत नाही. गोंचारोवाने १९११मध्ये चार उंच पट्ट्यांवर चार सुवार्तालेखक रंगवले. जाड काळ्या रेषा, लांब गुंडाळ्या, थेट जुन्या आयकॉनच्या वळणाचे. आज ते सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहेत. 'गाढवाचं शेपूट' असं नाव असलेल्या प्रदर्शनात धार्मिक चित्रं नकोत म्हणून पोलिसांनी ती उतरवली. १९१४मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या तिच्या प्रदर्शनातही देवनिंदेचा आरोप झाला आणि धार्मिक चित्रं काढली गेली. त्याआधी १९१०मध्ये नग्नचित्रांवरून खटला झाला होता, त्यात ती सुटली होती. इतकं सोसून ती त्याच विषयाकडे परत जाते. पॅरिसची फॅशन म्हणून कोणी एवढं सोसेल?

खडूफळा

सोसलं हे खरं, आणि त्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण सरकारने छळलं म्हणजे खेड्यातल्या कारागिराशी नातं सिद्ध होतं, असं नाही. ती भांडली ती सेन्सॉरशी.

पिरोस्मानीचंच घ्या, तुमचा सर्वांत मजबूत पुरावा. तिफ्लिसच्या गुत्त्यांसाठी तो काळ्या मेणकापडावर चित्रं काढायचा, बरेचदा जेवणाच्या आणि दारूच्या मोबदल्यात. १९१२मध्ये ले-दान्तू आणि ज्दानेविच बंधू या लारिओनोवच्या वर्तुळातल्या तरुणांनी त्याला 'शोधलं', १९१३मध्ये त्याची चित्रं मॉस्कोत लागली. मे १९१४मध्ये पॅरिसच्या ऑपेरात 'सोन्याचा कोंबडा' या रशियन संगीत-नृत्यनाट्याचा पडदा उघडला आणि लुबोकच्या लाल-पिवळ्या रंगांतलं गोंचारोवाचं नेपथ्य पाहून लोक थक्क झाले. तिची पुढची वाट तिथून पॅरिसकडेच गेली. पिरोस्मानी १९१८मध्ये दारिद्र्यात मेला. शेजारी बसवलं म्हणता, ते किती दिवसांसाठी?

पायवाट

हे वाचून वाईट वाटलं, कारण ते खरं आहे. तरी ज्दानेविच बंधूंनी गुत्त्यागुत्त्यांतून ती मेणकापडं गोळा केली नसती, तर धुराने आणि ओलीने त्यातलं किती उरलं असतं? आज ती चित्रं तिबिलिसीच्या संग्रहालयात आहेत आणि जॉर्जियाच्या नोटेवर त्याचा चेहरा आला.

खडूफळा

चित्रं उरली, हे मान्य. माझा प्रश्न माणसाबद्दल होता.

निळी शाई

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, खडूफळा. 'शेजारी बसवलं' हा शब्द मी चित्रांपुरताच धरायला हवा होता. शेवचेन्कोने १९१३च्या 'नवआदिमवाद' या पुस्तिकेत आयकॉन, लुबोक, तबकं, पाट्या आणि पूर्वेकडची कापडं यांना चित्रकलेचा आदर्श म्हटलं. तबकं आहेत, पण तबकं रंगवणारा नाही. हे मला तुमचा प्रतिसाद वाचल्यावर दिसलं. गोंचारोवाच्या शेतकऱ्यांबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही. ते चित्र मोठं करून पुन्हा एकदा बघा, विशेषतः पावलं.