मदत हवी आहे: एल्कसाठी ३०-०६ मध्ये १५० ग्रेन की १८०? (तातडीचे)

बापू_डॅलस
थेट मुद्द्यावर येतो. एल्कच्या, म्हणजे मोठ्या अमेरिकन हरणाच्या शिकारीला निघालोय. रायफल ३०-०६ काडतुसाची आहे. गोळी १५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) घेऊ की १८०? दुकानात भिंतभर डबे लावलेत आणि प्रत्येक डब्यावर शिंगं उगारलेला एल्क. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो सगळ्याच चालतात. यूट्यूबवर बघावं तर लोक जेलीच्या ठोकळ्यात गोळ्या झाडून पट्टीने मोजत बसलेत. शनिवारी पहाटे निघायचंय. शिकार करावी की नाही यासाठी कृपया वेगळा धागा काढा. जाणकारांनी लवकर सांगावे.

रानभूल
कुठल्या राज्यात? नर की मादी? किती अंतरावरून? रायफल कशावर झिरो केलीय, म्हणजे स्कोपचा नेम कुठल्या गोळीवर आणि अंतरावर जुळवलाय? कॅलिफोर्निया असेल तर अर्धा प्रश्न सुटलाच, तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही.

बापू_डॅलस
कोलोरॅडो. मादीचा टॅग (एक मादी मारायची परवानगी) लागलाय. रायफल ऑफिसातल्या मित्राची. अंतर तो म्हणतो दोनशे यार्डाच्या आत. झिरो त्यानेच केली असेल. १५० की १८०?

गावठी_काडतूस
ग्रेन-बिन काय घेऊन बसलात राव. आमच्या आजोबांची बाराबोर बंदूक होती. डुकराला एल.जी. घालायचे, जवळ येऊ द्यायचे आणि फऱ्यात बार. जागेवर गार.

रानभूल
@गावठी_काडतूस, एल.जी. म्हणजे छर्रे. चाळीस यार्डांपुढे भरवसा नाही. एल्कची मादी सव्वादोनशे किलोची असते, ती काय तुमच्या उसाच्या फडातून पायाशी येणारे का?

नवा_पल्ला
३०-०६ म्हणजे १९०६ सालचं काडतूस. आता ६.५ क्रीडमूर हे नवं काडतूस घ्या. धक्का कमी, वाऱ्यात कमी वाहवते. मी तर बाकी सगळं विकून टाकलं.

बापू_डॅलस
रायफल बदलायची नाही!! माझी नाहीच आहे ती.

पाइनवाला
बापू, तुम्ही वजनावर अडलाय आणि खरा प्रश्न बांधणीचा आहे. मी कोलोरॅडोतच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साधी गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ कवचात शिसं. हरणाला ती उत्तम. एल्कच्या खांद्याच्या हाडावर जवळून बसली तर कधीकधी वरवरच फुटते, आत पोचत नाही. १९४६ साली कॅनडात जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या एका मूसवर (एल्कहून मोठं हरीण) अशाच वाया गेल्या. त्यावर त्यांनी मध्ये तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी केली, तीच पार्टिशन, १९४८ पासून विक्रीला आहे. पुढचा भाग फुलतो, म्हणजे आत पसरून रुंद होतो, मागचा भिंतीमुळे शाबूत राहतो आणि आत घुसत जातो. दुसरा प्रकार बॉण्डेड, यात शिसं कवचाला चिकटवलेलं असतं म्हणून वजन टिकतं. तिसरी अख्खी तांब्याची. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून तांब्यात वजन उतरवायचं, १५० ते १६८ पुरतं. फक्त लांबवर वेग मंदावला की ती नीट फुलत नाही. दोनशे यार्डात ही अडचण नाही.

म्हणजे साधी गोळी घ्यायची तर १८०. पार्टिशन किंवा बॉण्डेड असेल तर १६५ किंवा १८०. तांब्याची १५० सुद्धा चालेल. 'मॅच' लिहिलेला डबा उचलू नका, त्या नेमबाजीच्या स्पर्धेसाठी असतात.

नवा_पल्ला
हेच सगळं ६.५ मध्ये १४३ ग्रेनची गोळी करते.

पाइनवाला
करते, नेम चांगला असेल तर. बापूंचा नेम आपण पाहिलेला नाही.

उप्सालाकर
आमच्याकडे स्वीडनमध्ये ६.५x५५ या जुन्या काडतुसावर पिढ्यान्‌पिढ्या मूस पडतायत, पण भारी गोळीने, १५६ ग्रेन. इथला नियम असा की गोळी किमान १० ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २००० जूल ऊर्जा पुरे. ९ ते १० ग्रॅममध्ये असेल तर २७०० लागते. शिवाय जखमी जनावराचा माग काढणारा शिकवलेला कुत्रा दोन तासांत जागेवर आणता आला पाहिजे. बापू, तुमच्याकडे कुत्र्याची सोय काय?

बापू_डॅलस
कुत्रा नाही. मित्र आहे.

कलमबहाद्दर
एक महत्त्वाचं कुणीच विचारलं नाही. व्हिसा कुठला? एच-१बी असेल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना असेल तर सूट आहे. परवाना हातात येण्याआधी रेंजवर जाऊ नका.

बापू_डॅलस
एच-१बीच आहे. परवाना खिशात आहे. विषय गोळीचा आहे!

साजूक_तूप
दोन वेळचं वरण-भात मिळत असताना एका मुक्या जिवाला मारून काय मिळतं?

रानभूल
वेगळा धागा.

गावठी_काडतूस
साजूकताई, ब्रॉयलर काय बोलका असतो का?

बापू_डॅलस
मुद्द्यावर या लोकहो. मी १५० विचारत होतो कारण मित्राकडे १५० चा मोठा डबा तसाच पडलाय. फुल मेटल जॅकेट, म्हणजे पूर्ण धातूच्या कवचातली. तो गॅरंड रायफलमध्ये रेंजवर वापरतो. नवीन घ्यायचा खर्च वाचला असता.

रानभूल
अहो हे आधी सांगायचं ना! इथे आम्ही पार्टिशन-बॉण्डेड करतोय.

पाइनवाला
बापू, तो डबा घरी ठेवा. एकतर बेकायदा आहे. कोलोरॅडोत एल्कला फुलणारीच गोळी लागते, किमान ८५ ग्रेन, रायफल किमान .२४ कॅलिबर (नळीच्या भोकाचा व्यास, इंचात), आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा. तुमची ३०-०६ बाकी सगळ्यात सहज बसते, अडतं ते फुलण्यावर. आणि बेकायदा नसती तरी नकोच. जॅकेटवाली गोळी फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते. जनावर दरी ओलांडून जातं, रक्ताचा माग लागत नाही, आणि दोन दिवसांनी कुठेतरी मरतं. टॅगही गेला, मांसही गेलं.

चौकसबुद्धी
गंमत बघा, फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने मनाई केली. आणि त्या गोळ्यांना डमडम नाव पडलं ते कोलकात्याजवळच्या आपल्या डमडमच्या कारखान्यावरून. माणसाला नको आणि जनावराला सक्तीची, असं का?

उप्सालाकर
जनावर झटपट मरावं म्हणून. ते आपल्यावर गोळी झाडत नसतं.

चौकसबुद्धी
पण शिकारी जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ ला .२७५ रिग्बी रायफलने मारला, म्हणजे आजच्या हिशेबाने किरकोळच काडतूस.

नवा_पल्ला
तेच तर म्हणतोय! ६.५ त्याच्याच जवळची.

रानभूल
बिबट्या सत्तर किलोचा, एल्क त्याच्या तिप्पट. आणि रिग्बी तुमच्या हातात नाही, कॉर्बेटच्या हातात होती. परत विषयावर या.

कलमबहाद्दर
भगवं जॅकेट घेतलंत का? कोलोरॅडोत चकाकता नारिंगी किंवा गुलाबी, निदान ५०० चौरस इंच, आणि डोक्यावर टोपी त्याच रंगाची. ते विसरलात तर गोळी कुठली हा प्रश्नच उरत नाही, दंडच.

बापू_डॅलस
घेतलंय. आत्ता दुकानात उभा आहे. १६५ बॉण्डेड आहे आणि १८० पार्टिशन आहे. पार्टिशन फार महाग. पटकन.

पाइनवाला
१६५ बॉण्डेड. दोन डबे घ्या, एक झिरो करायला.

रानभूल
१८० पार्टिशन. मादी तिरकी उभी राहिली तर लांबचा खांदा गाठायला वजन हवं.

पाइनवाला
तिरकी उभी राहिली तर थांबायचं, आडवी होईपर्यंत. नवशिक्याला तिरका बार शिकवू नका.

रानभूल
तुमच्या रानात जनावरं सांगितल्यावर आडवी होतात वाटतं.

बापू_डॅलस
१८० घेतली, दोन डबे. मित्र म्हणतो झिरो तपासायची गरज नाही, त्याची १५० वर अगदी बरोबर आहे.

पाइनवाला
गरज आहे! गोळी बदलली की लागायची जागा बदलते. आजच रेंजवर जा. १०० यार्डांवर तीन गोळ्या मारा आणि इथे लिहा.

बापू_डॅलस
मारल्या. तिन्ही जवळजवळ, पण तीन इंच खाली आणि इंचभर डावीकडे. आता?

पाइनवाला
स्कोप पाव मिनिटाचा (मिनिट हे इथे कोनाचं माप) असेल तर १०० यार्डांवर एक क्लिक म्हणजे साधारण पाव इंच. वरच्या डायलवर 'अप'च्या बाणाकडे १२, बाजूच्या डायलवर उजवीकडे ४. मग नळी गार होऊ द्या आणि पुन्हा तीन.

रानभूल
१२ नको, २० द्या. १०० वर दोन इंच वर लागली की २०० ला बरोबर मध्यावर येते. दोनशेच्या आत मग डोक्याने हिशेब करायला नको.

पाइनवाला
हे मात्र बरोबर. २० करा. आणि ३०० ला ती आठ-नऊ इंच खाली जाते, तेव्हा मित्र कितीही म्हणाला तरी तिथून मारू नका.