हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णावर जागेवरच उपचार करावेत की त्याला तातडीने रुग्णालयात हलवावे?

प्रश्न: प्रशिक्षणार्थी, रुग्णवाहिका सेवा

मी आपत्कालीन वैद्यकीय सेवेचे प्रशिक्षण घेत आहे आणि अलीकडेच अनुभवी सहकाऱ्यांसोबत रुग्णवाहिकेवर जाऊ लागले आहे. प्रशिक्षणात पुतळा मोकळ्या जमिनीवर ठेवलेला असतो, उजेड भरपूर असतो आणि मदतीला चार जण असतात. प्रत्यक्षात मात्र रुग्ण पलंगावर किंवा न्हाणीघरात अडकलेला असतो, आम्ही दोघेच असतो आणि नातेवाईक सारखे म्हणत असतात, ‘इथे वेळ घालवू नका, आधी रुग्णालयात न्या.’ त्यांची तगमग पाहून मलाही वाटू लागते की आपण थांबून काही चूक तर करत नाही ना. अशा वेळी जागेवर थांबणे खरोखरच योग्य असते का आणि थांबायचे ठरवले तर उपचारांचा दर्जा कसा टिकवावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर: पॅरामेडिक

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते. छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, प्रौढ रुग्णात 5 ते 6 सेंटिमीटर खोल आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे, हे आकडे आपल्याला पाठ असतीलच. परंतु ते का पाळायचे, हे लक्षात असले तर घाईतही ते सुटत नाहीत. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमधील रक्तदाब छातीवरच्या एका दाबाने तयार होत नाही, तो सलग अनेक दाबांनंतर हळूहळू चढतो आणि हात थांबताच काही क्षणांत कोसळतो. त्यामुळे पाच सेकंदांच्या खंडाची किंमत पाच सेकंदांपेक्षा बरीच जास्त असते.

म्हणून माझ्या मते पोहोचल्यावरचा पहिला निर्णय जागेचा असतो. मऊ गादी आपल्या दाबाचा मोठा भाग गिळून टाकते आणि पलंग व भिंत यांच्यामधील चिंचोळ्या जागेत गुडघे टेकता येत नसतील, तर कितीही ताकद लावली तरी दाब पुरेसा खोल जात नाही. रुग्णाला ओढून मोकळ्या, कठीण जमिनीवर आणण्यात जे काही सेकंद जातात, ते पुढच्या प्रत्येक मिनिटाला भरून निघतात. त्यानंतर खंड कुठे पडतात याकडे लक्ष ठेवावे: नाडी तपासताना, शॉकचे पॅड चिकटवताना, श्वासनलिकेत नळी घालताना आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा शॉक देणारे यंत्र) चार्ज होत असताना. नाडी पाहण्यास 10 सेकंदांहून अधिक वेळ देऊ नये. हाताने चालवायच्या डिफिब्रिलेटरवर चार्जिंग सुरू असताना दाब चालूच ठेवावेत, फक्त शॉकपुरते हात उचलावेत आणि शॉकनंतर नाडी न शोधता लगेच पुन्हा दाब सुरू करावेत. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, कारण थकवा स्वतःला जाणवण्याच्या आधीच दाबांची खोली कमी झालेली असते.

दोघांच्या पथकासाठी ही अदलाबदल सर्वांत कठीण जाते. अशा वेळी जवळपास एखादा धडधाकट माणूस असेल, तर त्याला समोर बसवून दाब द्यायला लावण्यास संकोच करू नये.

उत्तर: आपत्कालीन विभागातील डॉक्टर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. नातेवाइकांना वाटते की रुग्णालयात काहीतरी वेगळे घडेल. प्रत्यक्षात पहिल्या वीसएक मिनिटांत बहुतेक रुग्णांना आम्ही जे देतो, तेच छातीवरचे दाब, तोच शॉक, तेच ॲड्रेनालिन (हृदय पुन्हा सुरू होण्यासाठी दिले जाणारे औषध) आणि तोच प्राणवायू सुसज्ज रुग्णवाहिकेतील पथकही देऊ शकते. उत्तर अमेरिकेतील 27,000 हून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सारख्या स्थितीतील रुग्णांची तुलना केली असता, हृदय बंद असतानाच हलवलेल्यांपैकी 4 टक्के आणि जागेवर उपचार सुरू ठेवलेल्यांपैकी 8.5 टक्के रुग्ण जिवंत घरी गेले. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही जिन्यावरून स्ट्रेचर उतरवताना आणि वळणावर वाहन झुकताना दाबांचे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या फरकाचे आश्चर्य वाटणार नाही. दाब देणारे यंत्र चालत्या वाहनात उपयोगी पडते आणि कर्मचाऱ्यांना सुरक्षितही ठेवते. मात्र सरसकट वापर केल्यास हाताने दिलेल्या दाबांपेक्षा अधिक रुग्ण वाचतात, असे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही आणि ते बसवताना खंड पडतो तो वेगळाच.

याला अपवाद आहेत आणि ते ओळखता आले पाहिजेत. गरोदर स्त्री, शरीराचे तापमान अतिशय उतरलेला रुग्ण, काही विषबाधा, मोठ्या रक्तस्रावाची दुखापत आणि वारंवार शॉक देऊनही न थांबणारे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (हृदयाची रक्त पुढे न ढकलणारी विस्कळीत थरथर), या परिस्थितींत मूळ कारणावरचा उपाय बहुधा रुग्णालयातच असतो. शेवटच्या प्रकारात निघण्यापूर्वी किंवा निघण्याची तयारी होत असताना पॅडची जागा बदलून एक पॅड छातीवर पुढे व दुसरा पाठीवर लावून पाहावा. कॅनडातील 2022 च्या एका चाचणीत तीन शॉकनंतरही फिब्रिलेशन टिकलेल्या रुग्णांमध्ये नेहमीच्या पद्धतीने 13.3 टक्के, तर जागा बदलल्यावर 21.7 टक्के रुग्ण वाचले.

ॲड्रेनालिनसाठी मात्र दाब थांबवू नयेत. ब्रिटनमधील सुमारे 8,000 रुग्णांच्या 2018 च्या चाचणीत ते दिल्याने 30 दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण 2.4 वरून 3.2 टक्क्यांवर गेले, पण मेंदू चांगल्या स्थितीत राहून वाचलेल्यांच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. शिरेत सुई जात नसेल तर शोधत बसण्यापेक्षा हाडातून औषध द्यावे.

उत्तर: पथकप्रमुख

डॉक्टरांचे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीने योग्य आहे, परंतु जागेवर थांबण्याचा निर्णय पथकाच्या एकट्याच्या हातात नेहमीच नसतो, हेही इथे नोंदवायला हवे. ज्या सेवेत जागेवर प्रयत्न थांबवण्याचा अधिकार दिलेला नाही, तिथे आशा संपली तरी रुग्णाला हलवावेच लागते आणि त्या प्रवासात कर्मचारी पट्टा न लावता उभ्याने दाब देत राहतात. जिथे असा अधिकार आहे, तिथे मूलभूत सेवा देणाऱ्या पथकांसाठी तीन अटींचा नियम प्रचलित आहे: हृदय बंद पडताना पथक समोर नव्हते, एकदाही शॉक द्यावा लागला नाही आणि नाडी परत आली नाही. तिन्ही लागू असतील, तरच डॉक्टरांशी बोलून थांबण्याचा विचार होतो. नळी घातलेल्या रुग्णात 20 मिनिटांनंतरही उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा दाब 10 मिलिमीटर पाऱ्याच्या वर जात नसेल, तर ते वाईट लक्षण असते, पण केवळ त्या एका आकड्यावर निर्णय घेऊ नये.

नातेवाइकांना खोलीबाहेर काढण्याची आपल्याकडे सवय आहे, ती मला पटत नाही. फ्रान्समध्ये 2013 साली घरी हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या 570 नातेवाइकांवर अभ्यास झाला. ज्यांना उपचार पाहण्याची मुभा दिली गेली, त्यांच्यात पुढे मानसिक आघाताची लक्षणे कमी आढळली आणि उपचारांतही अडथळा आला नाही. जे पाहतात, त्यांना पथक रिकामे बसलेले नाही हे कळते.

प्रतिप्रश्न: प्रशिक्षणार्थी, रुग्णवाहिका सेवा

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही दोघेच असताना नातेवाइकांशी बोलायचे कोणी आणि काय?

उत्तर: पथकप्रमुख

दाब देणाऱ्याने बोलू नये, त्याची लय तुटते. श्वासाची पिशवी सांभाळणाऱ्याने बोलावे आणि शक्य तितक्या लवकर बोलावे: ‘यांचे हृदय थांबले आहे. रुग्णालयात जे पहिले उपचार झाले असते तेच आम्ही इथे करत आहोत आणि हलवल्यास त्यात खंड पडेल.’ दर काही मिनिटांनी स्थिती पुन्हा सांगावी. प्रयत्न थांबवावे लागले तर ‘ते गेले’ किंवा ‘त्यांचा मृत्यू झाला आहे’ असे स्पष्ट सांगावे, कारण ‘आता काही सांगता येत नाही’ यासारख्या वाक्याने त्यांच्या मनात उरलेली आशा नंतर कोणीतरी दुसऱ्याने तोडावी लागते. सांगून झाल्यावर लगेच सामान आवरायला लागू नये, थोडा वेळ त्यांच्याजवळ बसावे आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत.