पुरात उभ्या राहिलेल्या एस्टीमचे क्रँक स्प्रॉकेट निघत नाही

गावभागकर (सांगली) – प्रश्न

नमस्कार. आमच्या वडिलांची २००३ सालची मारुती एस्टीम ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बोनेटपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर इंजिनातले तेल बदलून, वायरिंग सुकवून गाडी चालू केली आणि ती पुढे बरी चाललीही. मात्र टायमिंग बेल्टचे (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या दातेरी पट्ट्याचे) कव्हर त्या वेळी कोणी उघडले नाही. आता क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या ऑइल सीलमधून तेल झिरपून बेल्टवर येऊ लागले आहे, म्हणून सील आणि बेल्ट दोन्ही बदलायला घेतले. पुली निघाली, बेल्ट उतरला, मधला मोठा बोल्टही सुटला. पण सीलच्या पुढे बसलेले, बेल्ट फिरवणारे दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट जागचे तसूभरही हलत नाही. शाफ्ट आणि स्प्रॉकेट यांच्यामधल्या फटीत तांबूस गंजाची बारीक रेघ स्पष्ट दिसते.

एका गॅरेजमध्ये तीन पायांचा पुलर (घट्ट बसलेले चाक ओढून काढायचे साधन) दातांच्या मागे अडकवून जोर लावला, तेव्हा दाताच्या कडेचा टवका उडाला. त्यानंतर हातोडा आणि छिन्नी बाहेर आली, तेव्हा मी काम थांबवून गाडी ओढून घरी आणली. इंजिन खाली उतरवल्याशिवाय हे निघणार नाही, असे त्यांचे मत आहे. ते खरे आहे का, गॅसची ज्योत लावावी का, आणि टवका उडालेले स्प्रॉकेट पुन्हा बसवता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कऱ्हाड मेकॅनिक – उत्तर

सर्वप्रथम, हातोडा थांबवलात हे फार चांगले केलेत. अशी स्प्रॉकेटे बहुधा धातूची भुकटी साच्यात दाबून आणि भट्टीत भाजून तयार केलेली असतात. दाताच्या घासण्याला ती उत्तम टिकतात, पण बाजूने बसलेला घाव त्यांना सोसत नाही. म्हणूनच वाकण्याऐवजी टवका उडाला. टवका उडालेले स्प्रॉकेट परत बसवू नका. त्या कडेवर नवा बेल्ट घासत राहील आणि ज्या कामासाठी एवढा खटाटोप चालला आहे तेच काम वाया जाईल. नवे स्प्रॉकेट आणि नवी ‘की’ (स्प्रॉकेट शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेला लहान तुकडा) आधी हाती घ्या, मगच जुन्याला हात लावा; जुने वाचवायचे नाही हे एकदा ठरले की पुढचे निर्णय सोपे होतात.

इंजिन उतरवण्याची गरज मला दिसत नाही. उजव्या बाजूचे चाक आणि आतले प्लास्टिकचे आवरण काढले, इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार दिला आणि लागल्यास इंजिन धरून ठेवणारे त्या बाजूचे माउंटिंग सोडले, की पुलरला पुरेशी जागा मिळते. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय हात घालू नका, हे वेगळे सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. स्प्रॉकेट दातांना धरून ओढायचे नसते. या इंजिनात पुली लहान बोल्टांनी स्प्रॉकेटच्या तोंडालाच जोडलेली असते, म्हणजे ओढण्यासाठी आटे पाडलेली भोके स्प्रॉकेटमध्ये आधीपासूनच आहेत. त्या भोकांत बोल्ट घालून, त्यावर जाड पट्टी धरून, मधल्या स्क्रूने क्रँकच्या टोकावर रेटा दिला तर ओढ मध्यापासून सगळीकडे सारखी लागते. एका बाजूने ओढले की स्प्रॉकेट तिरके होऊन आणखी घट्ट आवळते, आणि गॅरेजमध्ये बहुधा तेच झाले असावे.

रेटा देण्यापूर्वी क्रँकच्या आतले आटे सांभाळा. मधला मूळ बोल्ट वॉशर काढून परत घातला तरी त्याचे डोके स्प्रॉकेटच्या भोकातून पार जाते का, हे आधी पाहा. जात नसेल तर स्प्रॉकेट सुटल्यावर त्यालाच येऊन अडेल. अशा वेळी त्याच आट्यांचा, लहान डोक्याचा बोल्ट घाला आणि स्क्रूचे टोक त्या डोक्यावर टेकवा. आटे बिघडले तर मात्र इंजिन खरोखरच खाली उतरवावे लागेल.

गंज सोडवणारे तेल फटीत आणि कीच्या खाचेत सोडून रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी पुलर बेताने ताणा, स्क्रूच्या डोक्यावर हलकी टिचकी मारा आणि थांबा. पुन्हा थोडे ताणा, पुन्हा थांबा. गंजाची पकड एकदम सुटत नाही. ती कुरकुरत, केसाएवढ्या अंतराने सुटते, आणि पहिली कुरकुर ऐकू आली की घाई करण्याचा मोह आवरावा लागतो. पहारीने उचकटायचे असेल तर टेकू कुठे लागतो ते बघा, कारण मागे ऑइल पंपाची ॲल्युमिनियमची बॉडी आहे आणि तिला तडा गेला तर खर्च कितीतरी वाढतो.

कुपवाडचा टर्नर – उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त पुलरविषयी थोडी भर घालतो. बाजारात मिळणारे तयार पुलर या भोकांवर नेमके बसतीलच असे नाही, म्हणून जुनी पुली घेऊन कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या कोणत्याही लेथवर जा आणि तिच्यावरून भोकांचे माप काढून साधारण १२ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट करून घ्या. मध्यभागी जाड नट वेल्ड करून त्यातून बारीक आट्यांचा बोल्ट घातला की पुलर तयार. त्या बोल्टाचे टोक गोलसर करून घ्यावे आणि त्याला ग्रीस लावावे, नाहीतर निम्मा जोर घर्षणातच जातो.

लहान बोल्टांची लांबी मात्र डोळ्यांत तेल घालून ठरवा. भोके आरपार असतील आणि बोल्ट गरजेपेक्षा लांब असतील, तर ते मागून बाहेर येऊन ऑइल पंपावर टेकतात. मग तुम्ही पुढून ओढता आणि बोल्टांची टोके मागे पंपाची बॉडी फोडतात. याउलट ते फार आखूड घेतले तर दोन-तीन आट्यांवर सगळा भार येऊन भोकातले आटे सोलून निघतात. स्प्रॉकेटच्या जाडीइतके आटे पूर्ण धरले जातील आणि टोक मागे डोकावणार नाही, अशी लांबी घासून करून घ्यावी. बोल्ट डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीचा आकडा असलेलेच घ्या.

अजिंक्यतारा (सातारा) – उत्तर

उष्णतेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. गॅसची ज्योत वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे झिरपलेले तेल आहे, त्यावर तुम्ही फवारलेले तेल आहे, आणि पेट्रोलचे पाइपही फार लांब नाहीत. गरम हवेची गन पुरेशी होते, मात्र तीसुद्धा फवारलेले तेल नीट पुसून काढल्यावरच लावा आणि आग विझवण्याचे साधन हाताशी ठेवा.

उष्णतेने किती फरक पडतो याचा हिशेब सोपा आहे. पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश इतके प्रसरण पावते. समजा स्प्रॉकेटचे भोक २८ मिलिमीटरचे आहे आणि ते शाफ्टपेक्षा १०० अंशांनी जास्त तापले, तर भोक सुमारे तीन शतांश मिलिमीटरने मोठे होते. ऐकायला हे थोडे वाटते, पण गंजाची पकड मोडायला ते बऱ्याचदा पुरते. यातले मर्म ‘शाफ्टपेक्षा जास्त’ या शब्दांत आहे. सावकाश तापवत बसलात तर शाफ्टही तापतो, दोघेही सारखेच फुगतात आणि हाती काही लागत नाही. म्हणून पुलर आधी ताणून ठेवा, मग झोत फक्त स्प्रॉकेटच्या बाहेरच्या अंगावर फिरवत ठेवा. सीलचे रबर यात खराब होईल, पण ते बदलायचेच आहे.

एवढ्यानेही निघाले नाही तर शेवटचा मार्ग ते फोडण्याचा. कीच्या खाचेपाशी स्प्रॉकेटची भिंत सर्वांत पातळ असते; तिथे शाफ्टला समांतर ड्रिल करून, आतला पातळ पापुद्रा शिल्लक ठेवून, भोकात छिन्नी ठेवून एक ठोका दिला की ते तडकते. ड्रिल शाफ्टला लागू देऊ नका आणि लोखंडाचा कीस सीलच्या ओठात (शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेत) जाणार नाही अशी चिंधी भोवती घट्ट बसवा.

गावभागकर (सांगली) – प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कुपवाडमधून प्लेट करून घेतली, तेल सोडून रात्रभर ठेवले आणि सकाळी पुलर ताणून गरम हवा दिल्यावर स्प्रॉकेट सरळ बाहेर आले. दाते सोडून सारा भाग आतून तपकिरी झाला होता. की मात्र शाबूत आहे आणि शाफ्टवरची खाचही रुंदावलेली नाही. सील काढल्यावर एक नवी शंका आली. जुन्या सीलचा ओठ जिथे घासत होता तिथे शाफ्टवर नखाला जाणवेल अशी बारीक चरी पडली आहे. नवे सील त्यावर टिकेल का?

कऱ्हाड मेकॅनिक – उत्तर

चरी उथळ असेल तर टिकते. नवे सील पूर्ण आत न ठोकता एक-दीड मिलिमीटर बाहेर ठेवा, म्हणजे ओठ चरीवर न येता शेजारच्या गुळगुळीत भागावर बसेल. फक्त ते स्प्रॉकेटमागच्या चकतीला घासत नाही याची खात्री करा. शाफ्टवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने गोलाकार दिशेनेच काढा, लांबीच्या दिशेने ओरखडा गेला तर तेल त्याच वाटेने बाहेर येईल. ओठाला इंजिन ऑइल लावा आणि सील बसवताना कीच्या खाचेवर पातळ प्लास्टिक गुंडाळा, कारण खाचेची धार ओठ कापते.

नवे स्प्रॉकेट हाताने किंवा हलक्या दाबाने सरकले पाहिजे. ठोकून बसवायची वेळ आली तर शाफ्टवर अजून गंज आहे असे समजावे. बेल्ट चढवण्यापूर्वी स्प्रॉकेटवरची खूण ऑइल पंपावरच्या बाणासमोर आणून कॅमच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) चाकावरची खूणही जुळवून घ्या, आणि सगळे बसल्यावर पान्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासा. मधला बोल्ट अंदाजाने आवळू नका. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच) आवळा. हा बोल्ट सैल राहिला की स्प्रॉकेट कीवर डुलू लागते, आणि मग आधी की तुटते व पाठोपाठ शाफ्टची खाच जाते.