साइन, कोसाइन पाठ आहेत, पण त्रिकोण मोठा झाला तरी उत्तर तेच का येते?

प्रश्न : एक पालक, देवगड

नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावीला आहे. भूमिती हा तिच्या आवडीचा विषय आहे. समरूपता आणि पायथागोरसचे प्रमेय ही प्रकरणे तिने आनंदाने केली आणि सिद्धतासुद्धा ती स्वतःच्या शब्दांत लिहिते. त्रिकोणमितीपाशी मात्र तिचे पाऊल अडते. ३०°, ४५° आणि ६०° यांच्या किमतींचा तक्ता तिला तोंडपाठ आहे. तरीही आकृती थोडी फिरवून दिली की समोरची बाजू कोणती आणि लगतची कोणती, यात तिची गल्लत होते.

तिने मला दोन प्रश्न विचारले आणि मला एकाचेही समाधानकारक उत्तर देता आले नाही. पहिला असा की, त्रिकोण मोठा काढला तर त्याच्या सगळ्या बाजू वाढतात, मग साइन ३०° ची किंमत नेहमी १/२ च कशी राहते? दुसरा असा की, टॅन ९०° ला किंमतच नाही असे पुस्तक म्हणते, ते का? तिला डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट चटकन समजते. आमचे घर कौलारू आहे, मागे माडांची वाडी आहे आणि पुढे समुद्र आहे. यांतले काही दाखवून हा विषय समजावता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त गणित शिक्षक, राजापूर

ताई, आपल्या मुलीचा पहिला प्रश्न हाच या संपूर्ण प्रकरणाचा पाया आहे आणि तो तिला स्वतःहून पडला, याचे मला फार समाधान वाटते. तक्ता पाठ असलेल्या बहुतेक मुलांना हा प्रश्न पडतच नाही.

तिला समरूपता आवडते, तर उत्तर तिच्याजवळच आहे. एका मोठ्या कागदावर ३०° चा कोन काढायला सांगा. त्याच्या वरच्या भुजेवर तीन-चार बिंदू हवे तिथे घ्यावेत आणि प्रत्येक बिंदूपासून खालच्या भुजेवर लंब टाकावा. एकाच शिरोबिंदूपाशी एकात एक बसलेले लहानमोठे काटकोन त्रिकोण तयार होतील. प्रत्येकात ३०° चा कोन सामाईक आहे आणि एक कोन काटकोन आहे, म्हणून को-को कसोटीने ते सगळे परस्परांशी समरूप आहेत. समरूप त्रिकोणांच्या संगत बाजू प्रमाणात असतात, हे तिने सिद्ध करून पाहिलेले आहे. लंब दुप्पट झाला की कर्णही दुप्पट होतो, आणि त्यांचे गुणोत्तर जिथल्या तिथे राहते. साइन हे एखाद्या बाजूचे माप नसून दोन बाजूंचे, म्हणजे कोनासमोरची बाजू आणि कर्ण यांचे, गुणोत्तर आहे. ते कोनावर अवलंबून असते, त्रिकोणाच्या आकारमानावर नाही. तिने पट्टीने बाजू मोजून भागाकार करावेत. सगळे भागाकार ०.५ च्या अगदी जवळ येतील, आणि जो थोडा फरक राहील तो पेन्सिलीच्या जाडीचा असेल.

आता तक्त्याविषयी. माझे स्पष्ट मत आहे की हा तक्ता पाठ करून घेण्याआधी मुलांकडून तो तयार करून घ्यावा, कारण त्यासाठी दोनच आकृत्या लागतात. २ एकक बाजूचा समभुज त्रिकोण काढून शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला की पायाचे दोन समान भाग होतात आणि वरचा ६०° चा कोनही दुभागला जातो. त्यातून मिळणाऱ्या काटकोन त्रिकोणाच्या बाजू १, √३ आणि २ असतात. ३०° आणि ६०° यांच्या सर्व किमती याच एका त्रिकोणातून वाचता येतात. ४५° साठी १ एकक बाजूचा चौरस घेऊन त्याचा कर्ण काढावा. त्याची लांबी √२ येते आणि साइन ४५° म्हणजे १/√२ हे समोर दिसते. ज्या मुलाला या दोन आकृत्या काढता येतात, ते परीक्षेत तक्ता विसरले तरी दोन मिनिटांत तो पुन्हा उभा करू शकते.

टॅन ९०° चा प्रश्न तर कोकणातल्या मुलाला दाखवण्यासारखाच आहे. अंगणात ओळंब्याने तपासून सरळ काठी रोवावी. टॅन म्हणजे समोरची बाजू भागिले लगतची बाजू; म्हणून काठीची उंची भागिले सावलीची लांबी म्हणजे सूर्याच्या उन्नत कोनाचे, म्हणजे जमिनीपासून वर सूर्यापर्यंतच्या कोनाचे, टॅन. सूर्य जसा वर चढतो तशी सावली आखडते आणि हा भागाकार वाढत जातो. आपला प्रदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोन दिवस मध्यान्ही थेट डोक्यावर येतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत त्यांतला पहिला दिवस मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात असतो. दुसरा ऑगस्टमध्ये असतो, पण तो बहुधा ढगांत जातो. त्या मध्यान्ही सूर्याचा उन्नत कोन ९०° असतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या पायाबाहेर पडत नाही, म्हणजे तिची लांबी शून्य होते. शून्याने भागता येत नाही, म्हणून टॅन ९०° ला किंमत नाही.

उत्तर : बांधकाम व्यावसायिक, कुडाळ

सरांनी कागदावर जे सांगितले ते ताईंच्या घराच्या छपरात उभे आहे, म्हणून लिहितो. माझ्या घरी सुतारकाम पिढीजात आहे आणि कौलारू छपरांचे काम मी आजही करतो.

घराच्या आडव्या बाजूला उभे राहून त्रिकोणी भिंतीकडे पाहावे. समजा, घराची रुंदी ८ मीटर आहे आणि भिंतीच्या माथ्यापासून आढे, म्हणजे छपराच्या शिखरावरचे आडवे लाकूड, ३ मीटर उंच आहे. आढ्यातून सोडलेला ओळंबा रुंदीच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणजे अर्धी रुंदी ४ मीटर. वासा हा कर्ण झाला आणि पायथागोरसच्या प्रमेयाने त्याची भिंतीपर्यंतची लांबी ५ मीटर येते. पागोळ्या भिंतीवर पडू नयेत म्हणून पुढे जे टोक काढतात, ते वेगळे. आता पुढची पडवी पाहावी. छपराचा उतार तसाच खाली पडवीवर नेलेला असेल आणि पडवी २ मीटर रुंद असेल, तर तेवढ्या अंतरात छप्पर दीड मीटर उतरते आणि वाशाचा तो तुकडा अडीच मीटर भरतो. ३ भागिले ४ आणि १.५ भागिले २, दोन्हींचे उत्तर ०.७५ च आहे. मोठ्या छपराचा आणि पडवीचा उतार एकच आहे, म्हणून टॅनही एकच आहे. तो कोन सुमारे ३७° चा आहे. वरच्या वाशाचे साइन ३/५ आणि पडवीच्या तुकड्याचे १.५/२.५, तेही सारखेच.

समोरची बाजू आणि लगतची बाजू यांतली गल्लत याच भिंतीपाशी सुटते. मुलीला सांगावे की, वासा भिंतीवर टेकतो त्या कोपऱ्यात तू उभी आहेस अशी कल्पना कर. तिथून आढ्याखालची उंची तुझ्या समोर येते आणि अर्धी रुंदी तुझ्या पायाशी, म्हणजे लगत असते. आता मनाने आढ्यावर जा आणि तिथला कोन घे. तिथून रुंदी समोर येते आणि उंची लगतची होते. बाजू त्याच राहिल्या, फक्त कोन बदलला. वासा मात्र दोन्ही वेळा कर्णच राहिला, कारण तो काटकोनाच्या समोर आहे आणि काटकोन हललेला नाही. कोसाइन म्हणजे लगतची बाजू भागिले कर्ण, यामुळेच पहिल्या कोनाचे साइन हे दुसऱ्या कोनाचे कोसाइन असते. आकृती कशीही फिरवून दिली तरी आधी काटकोन शोधावा, त्यासमोरच्या बाजूवर कर्ण असे लिहावे आणि मगच दिलेल्या कोनाकडे वळावे.

जोत्याची आखणी करताना गवंडी दोरीवर ३, ४ आणि ५ अशी मापे घेऊन काटकोन जुळवतात, तेही तिला एखाद्या चालू बांधकामावर जरूर दाखवावे. ते पायथागोरसच्या प्रमेयाच्या व्यत्यासाचे उपयोजन आहे, आणि व्यत्यास हा शब्द मुले पाठ करतात पण त्याचे काम त्यांनी पाहिलेले नसते.

प्रश्नकर्त्या पालक, देवगड

दोघांचेही मनापासून आभार. छपराचे उदाहरण तिला फार पटले आणि समोरची-लगतची ही अडचण जवळजवळ संपली आहे. आता तिने कोनमापक, दोरा आणि एक लहान वजन घेऊन उन्नत कोन मोजण्याचे साधन केले आहे. देवळासमोरच्या दीपमाळेची उंची तिने त्याने काढली. पण जवळून मोजले तर एक उंची येते आणि दूरून मोजले तर त्याहून जास्त येते. डोळ्याची उंची तिने मिळवली होती. मग चूक कुठे असावी? दुसरे म्हणजे, अवनत कोनाची आकृती काढताना ती कोन उभ्या रेषेपासून घेते. ते कसे दुरुस्त करावे?

उत्तर : निवृत्त गणित शिक्षक, राजापूर

ताई, डोळ्याची उंची मिळवायची राहिली असती तर दोन्ही उत्तरे सारखीच कमी आली असती. एक जास्त आणि एक कमी येते, त्याअर्थी दोष अंतराच्या मोजणीत असावा. दीपमाळ खाली रुंद असते आणि तिचे टोक चौथऱ्याच्या मध्यावर असते. टेप चौथऱ्याच्या कडेला लावला तर जेवढे अंतर कडेपासून मध्यापर्यंत आहे, तेवढे कमी धरले जाते. समजा ते १ मीटर आहे. प्रत्यक्ष अंतर ७ मीटर असताना आपण ६ धरले, तर उंची एक-सप्तमांशाने कमी येते. प्रत्यक्ष १५ मीटर असताना १४ धरले, तर ती एक-पंधरांशानेच कमी येते. म्हणून दूरचे उत्तर जास्त आले. चौथऱ्याची रुंदी मोजून तिचा निम्मा भाग अंतरात मिळवला की दोन्ही उत्तरे जुळून यावीत. माडावर हा प्रयोग करू नये, कारण माड बहुधा कललेला असतो आणि त्याच्या शेंड्याखालचा बिंदू बुंध्यापाशी नसतो.

शक्यतो उन्नत कोन ४५° च्या आसपास येईल अशा ठिकाणी उभे राहावे. उंची २० मीटर असेल आणि कोन वाचताना १° ची चूक झाली, तर ४५° पाशी उत्तरात सुमारे ७० सेंटिमीटरचा फरक पडतो. ७०° किंवा २०° पाशी तीच चूक १ मीटरहून अधिक फरक पाडते.

तिला आणखी एक विचारावे. साधनाच्या सरळ कडेवरून शेंड्याकडे पाहिले असता दोरा कोनमापकावर ६० दाखवतो, पण उन्नत कोन ३०° धरावा लागतो. असे का? दोरा क्षितिजसमांतर रेषेला लंब असतो, एवढे सांगून थांबावे. उरलेली सिद्धता ती स्वतः करील.

उत्तर : निवृत्त नाविक, मालवण

अवनत कोनाविषयी मी लिहितो. उंचावरच्या निरीक्षकाच्या डोळ्यातून आधी क्षितिजसमांतर रेषा काढावी आणि तिच्यापासून खाली दृष्टिरेषेपर्यंत कोन घ्यावा. ही रेषा समुद्रपातळीला समांतर असते आणि दृष्टिरेषा या दोन समांतर रेषांची छेदिका होते, म्हणून अवनत कोन आणि होडीपाशी होणारा उन्नत कोन हे व्युत्क्रम कोन असून एकरूप असतात. गणित सोडवताना कोन खाली होडीपाशी लिहून घेतला की काटकोन त्रिकोण सरळ समोर येतो.

समुद्रकाठच्या मुलांना उदाहरणांतले आकडे खटकतात, आणि ते रास्तच आहे. समुद्रपातळीपासून ६० मीटर उंचीवरच्या दिव्यापासून होडीचा अवनत कोन ६०° असेल, तर होडी पायथ्यापासून ६०/√३ म्हणजे सुमारे ३५ मीटरवर असते. कातळाच्या किनाऱ्याला कोणताही जाणता तांडेल एवढ्या जवळ होडी आणणार नाही. तीच होडी २ किलोमीटरवर असेल तर टॅनची किंमत ६० भागिले २०००, म्हणजे ०.०३ येते आणि अवनत कोन जेमतेम १.७° चा असतो. पुस्तकातले कोन तक्त्याच्या सोयीसाठी घेतलेले असतात, हे मुलांना मोकळेपणाने सांगावे, म्हणजे त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास ढळत नाही.

त्याच ६० मीटरवरून क्षितिज किती दूर दिसते, हे काढायला वर्तुळाचे प्रकरण पुरते. दृष्टिरेषा पृथ्वीला स्पर्शिका असते आणि स्पर्शबिंदूपाशी ती त्रिज्येला लंब असते, म्हणून तिथे काटकोन मिळतो. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आणि उंची ०.०६ किलोमीटर घेऊन पायथागोरसचे प्रमेय लावले की अंतर सुमारे २७.७ किलोमीटर येते. वातावरणात प्रकाश किंचित वाकतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे अधिक दिसते. वाळूत उभ्या असलेल्या माणसाचा डोळा २ मीटरवर धरला तर क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर असते. म्हणून दूर जाणाऱ्या गलबताचे बूड आधी दिसेनासे होते आणि डोलकाठी शेवटी.

यावर मुलगी नक्की विचारील की, पृथ्वी गोल असताना होडीच्या गणितात समुद्र सपाट का धरायचा. २ किलोमीटर अंतरात पृथ्वीच्या वक्रतेमुळे पाण्याचा पृष्ठभाग सुमारे ३१ सेंटिमीटर खाली जातो. ६० मीटरच्या उंचीपुढे तो फरक नगण्य आहे, म्हणून तिथे सरळ रेषा काढणे योग्यच ठरते. २७ किलोमीटरवर मात्र तोच फरक जवळपास ६० मीटर होतो आणि तिथे वर्तुळ काढल्याशिवाय गणित सुटत नाही.