कायटन की कायटिन?

खडूफळा : भाचीसाठी समुद्री प्राण्यांच्या पुस्तकाचं मराठी करतोय. 'क्रिप्टोकायटन स्टेलेरी'च्या चित्राखाली मी लिहिलं, 'कायटिनचं कवच असलेली मोठी गोगलगाय'. बायको म्हणते, कायटिन झुरळात असतं. कोण बरोबर?

ओहोटी : वहिनी. कायटिन हा पदार्थ, झुरळाच्या नि कोळंबीच्या टरफलातला. कायटन हा प्राणी. घोळ होतो कारण दोन्हींचं मूळ एकच, ग्रीक 'खितोन', म्हणजे अंगरखा. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली प्राण्याला हे नाव दिलं. पदार्थाला ते पुढे फ्रेंचांनी चिकटवलं. कायटनच्या पाठीवरचे आठ पट्ट मात्र शिंपल्यासारखे, चुन्याचे. कायटिन असतं ते त्याच्या जिभेत. जीभ कसली, दगडावरचं शेवाळ खरवडायची कानसच ती. तिच्यावरचे दात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे, लोहचुंबकाला चिकटणारे!

कौलारू : 'पट्ट' फार पाठ्यपुस्तकी वाटतं. एकावर एक सरकवलेले असतात ना, मग सरळ 'कौलं' म्हणा, पोरीला लगेच कळेल. आणि 'गोगलगाय' काढाच. दोघेही मृदुकाय, पण गोगलगाय उदरपाद वर्गातली, कायटनचा वर्ग वेगळा, पॉलिप्लॅकोफोरा, म्हणजे 'पुष्कळ पट्ट बाळगणारे'. गोगलगायीसारखी डोक्यावर शिंगं नाहीत की डोळे नाहीत. अर्थात जर्मन लोक त्याला 'भुंगेरा-गोगलगाय' म्हणतात, तेव्हा चुकलात ते एकटे नाही.

खडूफळा : कौलं आवडली, पण चित्रात एकही दिसत नाही! विटकरी, खरखरीत, फूटभर लांब ऐवज. उलटी पडलेली चप्पल म्हणा.

ओहोटी : म्हणून तर 'क्रिप्टो', लपलेला. बाकीच्या कायटनांत कौलांभोवती मांसल पट्टा असतो, त्याला मेखला म्हणतात. याच्यात ती मेखला चढत चढत अख्खी पाठ झाकून टाकते. कॅलिफोर्नियापासून अलास्कामार्गे जपानपर्यंत आढळणारा हा जगातला सगळ्यात मोठा कायटन. मेल्यावर आतली पांढरी कौलं सुटी होऊन किनाऱ्यावर येतात, हुबेहूब पंख पसरलेली फुलपाखरं. 'स्टेलेरी' हे दर्यावर्दी बेरिंगच्या मोहिमेवर गेलेल्या निसर्गअभ्यासक गेओर्ग स्टेलरवरून.

कौलारू : मग इथे 'मेखला' शोभत नाही. मेखला कमरेला असते, ही तर डोक्यावरून घेतलीय. 'अंगरखा'च म्हणा, मूळ ग्रीक अर्थही साधेल.

खडूफळा : 'आठ कौलं अंगरख्याखाली लपवणारा कायटन.' बायकोने पास केलं. आता भाची विचारणार, अंगरखा म्हणजे काय?